सही बारा ओळींची, मग ‘फार लांब’ कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतल्या ताईंनी मेलची नवी सही बनवली: नाव, हुद्दा, कंपनीचं नाव आणि पत्ता मराठी-इंग्रजी दोन्हींत, खाली सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), जीएसटी क्रमांक, लोगो आणि शेवटी गोपनीयतेची सूचना. वर्डमध्ये नीट मांडली, तिथून थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमच्या नव्या मेलच्या खिडकीत चिकटवली, एचटीएमएल (म्हणजे वेबपानाच्या) फाइलीत सेव्ह केली आणि तीच फाइल सही म्हणून जोडली. थंडरबर्डने मुकाट्याने घेतली. तीच सही जीमेलच्या सेटिंग्जमध्ये चिकटवायला गेल्या, तर ‘सही फार लांब आहे’ असा नकार. एका ग्राहकाची तक्रार की लांबलेल्या मेल-साखळीत खालचा भाग कापलेला येतो. दुसरा म्हणतो, मराठी मजकुराच्या मध्येच काळे चौकोन दिसतात. ताई लिहितात, “मी अक्षरं मोजली. साडेसहाशेच्या वर नाहीत. ऑफिसात म्हणतात, मराठी काढून टाका, आपोआप बसेल. काढू का?”

नका काढू. मराठीमुळे सही थोडी जड होते हे खरं, पण ती मर्यादेच्या आसपासही जात नाही. खरं वजन डोळ्यांना न दिसणाऱ्या मजकुराचं आहे, आणि ते मराठी ठेवूनही काढता येतं.

कात्री हातात घेण्याआधी एक गोष्ट तपासा: सही नक्की कुठे कापली जाते? तुमच्या तीन तक्रारी तीन वेगळ्या ठिकाणच्या आहेत. लोक सगळ्यांना एकच समजून सहीतल्या ओळी उडवत बसतात आणि दुखणं तिथंच राहतं. ज्या मेलबद्दल तक्रार आली तो तुमच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये उघडा. तिथेच सही अर्धी असेल, तर दोष तुमच्या प्रोग्रॅमचा किंवा फाइलचा. तिथे पूर्ण आणि ग्राहकाकडे अर्धी असेल, तर वाटेतल्या सर्व्हरचा किंवा ग्राहकाच्या मेलबॉक्सचा. उलटही होतं. काही कंपन्यांत सर्व्हर स्वतःच प्रत्येक मेलच्या तळाशी सूचना चिकटवतो. ती मेल तुमच्याकडून निघून गेल्यावर जोडली जात असल्याने ‘सेंट’मध्ये ती दिसतच नाही. ग्राहकाला मग दोन सूचना दिसतात, एक तुमची आणि एक सर्व्हरची. एक्स्चेंज ऑनलाइन या मायक्रोसॉफ्टच्या मेलसेवेत अशा सूचनेला ५००० कॅरेक्टरची मर्यादा आहे, आणि त्यात टॅग (मजकूर कसा दाखवायचा ते सांगणाऱ्या खुणा) व सजावटीचा कोडही धरला जातो. ती सूचना तुमच्या आयटीवाल्यांच्या हातात असते. तुमच्या सहीच्या फाइलशी तिचा संबंध नाही.

ग्राहक जीमेलवर असेल, तर आणखी एक प्रश्न विचारा: सही खरंच गेली आहे, की तीन टिंबांमागे लपली आहे? एकाच साखळीत तीच सही पुन्हा आली की जीमेल ती घडी घालून टिंबांमागे ठेवतं. ‘सही कापली’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारी त्या टिंबांवर क्लिक केल्यावर मिटतात.

आता मोजणीकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या. आपण चार अक्षरं वाचतो: म, हा, रा, ष्ट्र. संगणकाच्या लेखी ती दहा चिन्हं आहेत, कारण काना, हलन्त, जोडाक्षरातला प्रत्येक वर्ण त्याला वेगवेगळा साठवावा लागतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या आजच्या सर्वसाधारण पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ३० बाइट झाले. हाच शब्द रोमन लिपीत लिहिला तर ११ अक्षरं, ११ बाइट. वर्डने किंवा आउटलुकने फाइल जुन्या पाश्चात्त्य संकेतात साठवली, तर आणखी मजा होते. त्या संकेतात ‘म’ला जागाच नाही, म्हणून त्याऐवजी &#२३५०; असा सात कॅरेक्टरचा आकडेवजा पर्याय लिहिला जातो (फाइलमध्ये आकडे अर्थात इंग्रजी). दहा चिन्हांचे सत्तर कॅरेक्टर झाले. तुमच्या डोळ्यांना चार आणि यंत्राला सत्तर.

पण हा हिशेब तुमच्या सहीला लावून पाहा. तुमचे साडेसहाशे ही संगणकाची चिन्हंच धरू; त्यांपैकी ४०० देवनागरी असली, तर १२०० बाइट आणि बाकीचे अडीचशे, मिळून साधारण १४५०. अगदी वाईटात वाईट, आकडेवजा पर्याय धरला तरी २८०० अधिक २५०. जीमेलची सहीची मर्यादा १०,००० कॅरेक्टरची आहे. म्हणजे सगळा मराठी मजकूर त्याच्या सर्वांत फुगलेल्या रूपातही एक तृतीयांशपर्यंत जेमतेम पोचतो. उरलेले सात हजार भरले कोणी?

वर्डने. थंडरबर्डमध्ये नवा मेल उघडून तुमची सही आणा, स्वतःच्याच पत्त्यावर एकदा पाठवून तो आलेला मेल उघडा आणि कंट्रोल-यू दाबा. मेलचा कच्चा मजकूर दिसेल. त्यात तुमचा पत्ता शोधायला वेळ लागेल, कारण प्रत्येक ओळीभोवती फॉन्टचं नाव, आकार, रंग, भाषा, समास यांचं कुंपण असतं. इंग्रजी सहीत हे कुंपण ओळीला एकदाच येतं. मराठीत मात्र वर्ड लिपी बदलली की नवा तुकडा पाडतं. ‘दूरध्वनी’ हा एक तुकडा, पुढचा इंग्रजी आकड्यांतला नंबर दुसरा, ‘ई-मेल’ तिसरा, रोमन लिपीतला पत्ता चौथा. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा स्पॅन टॅग, आणि प्रत्येक टॅगमध्ये मंगल किंवा निर्मला फॉन्टचं नाव आणि फक्त वर्डलाच कळणाऱ्या सूचना. दहा-बारा अक्षरांच्या तुकड्याभोवती शंभर-दीडशे कॅरेक्टरचं वेष्टण सहज बसतं. मिश्र लिपीच्या सहीत असे चाळीस-पन्नास तुकडे होतात. उरलेले सात हजार इथे आहेत.

आउटलुकमध्ये बनवलेल्या सहीची फाइल तर अजून लठ्ठ. जुन्या, क्लासिक आउटलुकचा सहीचा संपादक म्हणजे वर्डच. (२००७ पासून आलेला मेल दाखवण्याचं कामही वर्डचं इंजिनच करतं, आणि वेबवाल्यांनी त्यासाठी मायक्रोसॉफ्टला अजून माफ केलेलं नाही.) तो फाइलच्या डोक्यावर स्वतःच्या सगळ्या स्टाइल्सची यादी लिहून ठेवतो. तीनशेहून जास्त नोंदी असतात आणि तुमच्या सहीत त्यांतली एकच वापरलेली असते. ही यादी मेलबरोबर जात नाही, पण ओळीओळीला चिकटलेली सजावट जाते.

ग्राहकाकडे कापून येणारी साखळीही यातूनच. जीमेल एका मेलचा एचटीएमएल मजकूर साधारण १०२ केबीपर्यंत दाखवतं, पुढचा भाग कापून ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी लिंक देतं. सहीचं वजन दहा केबी असेल आणि प्रत्येक उत्तराबरोबर ती खाली साचत गेली, तर दहा-अकरा फेऱ्यांत सह्यांनीच ती मर्यादा गाठली. मूळ बोलणं असेल दोन केबीचं. थंडरबर्ड उत्तर देताना समोरच्याची सही ओळखून काढून टाकतं, आउटलुक काढत नाही. त्यामुळे साखळीत एक जण जरी आउटलुकवाला असला तरी ढीग वाढतोच.

थंडरबर्ड सही ओळखतं कशी, हेही सांगतो, कारण तिथे एक खड्डा आहे. दोन छोट्या आडव्या रेषा, त्यांच्यानंतर एक रिकामी जागा आणि मग नवी ओळ, ही खूण दिसली की त्याखालचं सगळं ‘सही’ धरायचं, असा जुना संकेत आहे. इंटरनेटचे नियम-संकेत ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित कागदपत्रांत लिहिलेले असतात; २००४ च्या आरएफसी ३६७६ मध्ये तो नोंदलेला आहे. थंडरबर्ड ही खूण स्वतःच घालतं. आता कोणी मेलच्या मजकुरातच सजावट म्हणून ओळीवर दोन रेषा आणि स्पेस टाकली, तर समोरच्याचं थंडरबर्ड त्याखालचा मजकूर फिका दाखवतं आणि उत्तरातून वगळतं. “माझे दर कुठे गेले?” म्हणून विचारणा येते. दर जागेवरच असतात, दोन रेषांखाली. सजावटीसाठी ताऱ्यांची ओळ टाका किंवा काहीच टाकू नका.

आता काळे चौकोन. हे लांबीचंच प्रकरण आहे, पण एकूण लांबीचं नाही, एका ओळीच्या लांबीचं. मेलच्या नियमानुसार, म्हणजे आरएफसी ५३२२ नुसार, कच्च्या मजकुराची एक ओळ ९९८ कॅरेक्टरहून लांब नसावी. हा आकडा रोमन लिपीच्या जगात ठरला. देवनागरी चिन्हाला तीन बाइट, म्हणून ३३२ चिन्हांतच आपण तिथे पोचतो. तुमची गोपनीयतेची सूचना मराठीत आहे आणि फाइलमध्ये ती एकाच सलग ओळीत असणार. चांगले प्रोग्रॅम अशी ओळ निघताना दुसऱ्या संकेतात गुंडाळतात आणि काही बिघडत नाही. पण वाटेत एखादा जुना सर्व्हर किंवा मेलवर प्रक्रिया करणारा स्क्रिप्ट असेल, तर तो मोजून ९९८ वर ओळ तोडतो. ते तोडणं ‘ष’च्या तीन बाइटांच्या मध्ये पडलं, तर दोन्ही तुकडे निरर्थक आणि वाचणाऱ्याला चौकोन. म्हणून सहीच्या फाइलमध्ये एंटर भरपूर मारा. एचटीएमएलमध्ये त्या एंटरने दिसण्यात काही फरक पडत नाही. काही संकेतस्थळं सहीचा कोड ‘आटोपशीर’ करून सगळा एका ओळीत देतात. मराठी सहीसाठी तसला कोड घेऊ नका.

चौकोन दिसतात म्हटल्यावर दुसरी शंकाही फिटायला हवी. तुमचा मराठी पत्ता जुन्या छापखान्याच्या फॉन्टमध्ये तर टाइप केलेला नाही ना? श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली मराठी खरं म्हणजे इंग्रजी अक्षरांची रांग असते, फक्त चेहरा मराठी. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला भलतंच काहीतरी दिसतं. हे टाळायला अनेक कार्यालयांत पत्त्याचा फोटो काढून तो सहीत लावतात. तो पत्ता मग शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि फोटोचं वजन प्रत्येक मेलबरोबर फिरतं ते वेगळंच. पत्ता युनिकोडमध्ये, म्हणजे इनस्क्रिप्ट किंवा गूगलच्या मराठी कीबोर्डने, एकदा नव्याने टाइप करायला दहा मिनिटं लागतात. तेवढी द्या.

लोगोबद्दल. थंडरबर्डमध्ये चित्र कोपऱ्याला धरून लहान केलं, तर ते फक्त दिसायला लहान होतं. फाइल मूळ आकाराचीच राहते. शिवाय मेलमध्ये चित्र अक्षरांच्या रूपात जातं आणि त्यासाठी दर ३ बाइटांचे ४ होतात, म्हणजे ४५ केबीचा लोगो ६० केबीचा होतो. एका कारखान्यात मी पाहिलेला लोगो व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्याने दिलेल्या मूळ फाइलमधून जसाच्या तसा आला होता, चार एमबीचा. दिसायचा नखाएवढा. ‘ओके’ एवढंच लिहिलेला मेलसुद्धा पाच एमबीच्या वर जायचा आणि महिन्याभरात सगळ्यांचे मेलबॉक्स तुडुंब. तिथे आधी नवा सर्व्हर घ्यायचं ठरत होतं. लोगो हवाच असेल, तर चित्राच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्यक्ष दीड-दोनशे पिक्सेल रुंद करून पीएनजीमध्ये सेव्ह करा. साधा दोन रंगांचा लोगो दहा केबीच्या आत बसतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून लिंक देऊन दाखवण्याचाही मार्ग आहे, पण बाहेरून येणारी चित्रं बरेच मेल प्रोग्रॅम आपणहून अडवतात आणि लोगोच्या जागी रिकामी चौकट उरते. माझं मत विचाराल तर रोजच्या पत्रव्यवहारात लोगो लागत नाही. कंपनीचं नाव ठळक केलं की पुरतं.

आता बांधणी. वर्ड बंद करा. नोटपॅडमध्ये कोरी फाइल घ्या. वर एक मेटा टॅग, कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ आहे असं सांगणारा. हा विसरलात तर मराठीचं कडबोळं होईल. मग एकच डिव्ह (सगळ्या मजकुराला वेढणारा टॅग), आणि फॉन्ट, आकार, रंग त्या डिव्हलाच एकदा. आत मजकूर, ओळ संपली की बीआर हा ओळ तोडणारा टॅग आणि त्यानंतर एंटर. कंपनीच्या नावाभोवती ठळक अक्षरांचा टॅग. एवढंच. फॉन्टच्या नावांत एक इंग्रजी, एक मराठी आणि शेवटी ‘सान्स-सेरिफ’ द्या. मोबाइलवर आणि मॅकवर तुमचा मराठी फॉन्ट बहुधा नसतो, तिथे जे असेल ते वापरलं जातं आणि मराठी नीट दिसते. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. तुमची साडेसहाशे अक्षरांची सही अशी लिहिली तर दोन केबीच्या आत बसेल, आणि जीमेलही ती कुरकुर न करता घेईल. जीमेलमध्ये चिकटवताना मात्र ही फाइल ब्राउझरमध्ये उघडून तिथून कॉपी करा, वर्डमधून नको.

थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये सहीसाठी दोन जागा आहेत. एक मजकुराची चौकट आणि तिच्यावर ‘यूज एचटीएमएल’ची खूण, दुसरी खालची ‘फाइलमधून जोडा’. चौकटीत लिहिलेली सही थंडरबर्ड आपल्या सेटिंग्जच्या फाइलमध्येच कोंबतं. ती फाइल मोठ्या मजकुरासाठी केलेली नाही, चार केबीच्या पुढे एखादी नोंद गेली की आतल्या नोंदवहीत इशारा पडतो. तुम्ही फाइलचा मार्ग घेतला आहे, तो बरोबर आहे. फक्त ती फाइल डेस्कटॉपवर ठेवू नका. आवराआवरीत कोणीतरी हलवतं आणि सही गायब. डॉक्युमेंट्समध्ये ‘सही’ नावाचं फोल्डर करून त्यात ठेवा.

ऑफिसातल्या बाकीच्या संगणकांवर क्लासिक आउटलुक असेल, तर तिथे फाइल अशी शोधा: ऑप्शन्समध्ये मेल या पानावर कंट्रोल कळ दाबून धरून ‘सिग्नेचर्स’ बटणावर क्लिक करा. सह्यांचं फोल्डर थेट उघडतं. प्रत्येक सहीच्या तीन फाइली दिसतील, एचटीएम, आरटीएफ आणि टीएक्सटी, आणि चित्रं असतील तर त्यांचं एक फोल्डर. आधी आउटलुकमधून हव्या त्या नावाची एक रिकामी सही तयार करा, आउटलुक बंद करा, मग एचटीएम फाइल नोटपॅडमध्ये उघडून तुमचा मजकूर तिच्यात टाका. टीएक्सटीमध्येही साधा मजकूर टाका, नाहीतर साध्या मजकुराचा मेल लिहिताना सही कोरी येते. त्यानंतर सहीच्या संपादकात जाऊन ‘जरा फॉन्ट वाढवू’ करू नका. एकदा तिथून सेव्ह केलं की वर्ड आपलं वेष्टण पुन्हा चढवतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या खात्यांवर सह्या क्लाउडमध्येही ठेवल्या जातात. त्यामुळे तुम्ही बदललेली फाइल दुसऱ्या दिवशी जुन्या रूपात परत आलेली दिसली, तर तुमचं काही चुकलेलं नाही. सह्यांचं हे क्लाउडमधून फिरणं (रोमिंग) विंडोजच्या रजिस्ट्रीतून बंद करता येतं, पण ते काम आयटीवाल्यांकडून करून घ्या. नव्या आउटलुकमध्ये ही फाइलच संगणकावर नसते. तिथे ब्राउझरमधून कॉपी-पेस्ट हाच मार्ग.

मजकुरातलं काय काढायचं? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२(३) नुसार कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन, फोन, ई-मेल आणि असल्यास संकेतस्थळ व्यावसायिक पत्रांवर छापावं लागतं. त्यामुळे २१ कॅरेक्टरचा सीआयएन आणि पत्ता राहू द्या, पत्ता दोन्ही भाषांत हवा की एकाच, ते कंपनी सचिवांना विचारा. जीएसटी क्रमांक बिलावर असतोच, सहीत तो हौसेचा. ‘झाडं वाचवा, हा मेल छापू नका’ ही ओळ काढा. छापणारा ती ओळही छापतोच, आणि कधी कधी तिच्यामुळे दुसरा कागद लागतो. गोपनीयतेची लांबलचक सूचना ‘दुपारी जेवायला येताय का’ या मेलखालीही जाते, त्यामुळे ती कोणी वाचत नाही. ठेवायचाच आग्रह असेल तर दोन वाक्यांत आणा, आणि सर्व्हर ती आधीच जोडत नाही ना, हे बघा.

इंटरनेटच्या शिष्टाचारावर १९९५ साली निघालेल्या आरएफसी १८५५ मध्ये सही चार ओळींपेक्षा मोठी नसावी असा ठोकताळा दिलेला आहे. तेव्हा लोक जोडणीच्या मिनिटांचे पैसे मोजायचे. आज चार ओळींत कंपनी बसवणं कठीण आहे, पण उत्तरांसाठी तीच मर्यादा मला अजून पटते. आउटलुकमध्ये नव्या मेलसाठी एक आणि उत्तर-फॉरवर्डसाठी दुसरी सही ठरवता येते. दुसरीत फक्त नाव, कंपनी आणि फोन ठेवा. थंडरबर्डमध्ये उत्तरांना सही जोडायची की नाही, याची वेगळी खूण अकाउंट सेटिंग्जच्या ‘कम्पोझिशन’ भागात आहे, ती काढून टाका. कापल्या जाणाऱ्या साखळीची तक्रार एवढ्यानेच थांबायला हवी. चौकोनांचं मात्र त्याच ग्राहकाला एक चाचणी मेल पाठवून विचारा. सूचनेत एंटर मारूनही ते राहिले, तर त्यांच्याकडून आलेल्या मेलचा कच्चा मजकूर, नाव-पत्ते खोडून, मला दाखवा.